वास गेला तेव्हापासून

सकाळी चहा घेऊन ह्यांच्या खोलीत गेले, तेव्हा मला आधी वाटलं, झोपेचं सोंग घेतायत. "अहो, नाटकं पुरे," असंही म्हणाले. संशय घेणं हा माझा स्वभावच. मग हाताला गार पडलेला हात लागला... त्याला आता महिना होऊन गेला.

लग्न झाल्यापासून ह्यांची एक खोड होती. मी ओट्यापाशी असले की मागून येत, माझ्या मानेशी नाक नेत आणि म्हणत, "आज हिंग जास्त झालाय." सदाशिव पेठेत याहून उघड प्रेम कुणी करत नाही. दोनेक वर्षांपूर्वी एक ताप आला आणि ह्यांना कसलाच वास येईनासा झाला. मानेशी येणं थांबलं. पानात अर्धं अन्न राहू लागलं, बोलणं त्याहून आटलं. आणि एक दिवस, "मी घोरतो, तुझी झोपमोड होते," म्हणत हे शेजारच्या खोलीत झोपायला गेले. घोरणं जुनंच होतं, माझ्या झोपेची काळजी तेवढी नवी. मला काही ती पटली नाही.

डॉक्टर मुलाला म्हणाले, जवळच्या माणसाच्या अंगाचा वास आपल्याला नकळत ओढतो, धीर देतो. तो येईनासा झाला की मन उदास होऊ शकतं. म्हणजे इतकी वर्षं मी नाकाच्या भरवशावर नांदले? शेवटी एकदा ह्यांनाच विचारलं, "अहो, मी नकोशी झाले का?" हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अगं, मला काहीच कळेनासं झालंय..." मला वाटलं, मिळालं उत्तर. फार लागलं ते मला.

गेल्या आठवड्यात आमची सून मधुरा खोली आवरत होती. तिने ह्यांच्या उशीचा अभ्रा काढला, तर आत माझी जुनी सुती साडी, घडी घालून ठेवलेली. ती कपाटात नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मधुराने ती नाकाशी नेली.

"आई, ही धुतलेली नाहीये. तुमचा वास येतोय हिला."

मी ओढून घेतली, हुंगली. मला कसलाच वास आला नाही. आपला वास आपल्याला कुठे येतो! ह्यांनाही बहुतेक येत नसावा, आणि तरी हे रोज त्यावर डोकं टेकून शोधत राहिले असतील... की मधुरा नुसती माझी समजूत काढतेय?

साडी मी पुन्हा अभ्र्यात घातली आहे. अधूनमधून मधुराला त्या खोलीत बोलावते आणि विचारते, "अजून येतोय का गं?" ती हुंगते, "हो," म्हणते. मी उलटतपासणी करत नाही.