शिवलेली बॅग

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे शिवण. सुईत दोरा मी ओवायचो, शिवायची बायको. तिची नजर अधू झाली होती, माझी शाबूत. नातीचा कोट मांडीवर घेऊन ती आतल्या बाजूनं चोरखिसा लावत होती.

नात कपड्यांचं शिकायला मिलानला निघाली होती. कोट तिच्या बापाचा, लग्नातला. बॅगेत सगळे नवे कपडे अन् अंगावर हा ढगळ कोट, हे काही मला समजेना.

"काहून वं पोरी, नवा नाही घेतला?"

"आबाजी, तिकडे असंच चालते. ढगळ अन् काळं."

"सगळेच काळं? सगळ्यायच्या घरी कोनी मेलं का?"

ती हसली. मग आजीला म्हणाली, "आजी, चोरखिसा नको न वं. तिकडे कोनी नाही लावत."

"येवढं मोठं शहर अन् चोर नाही?" बायको दातानं दोरा तोडत म्हणाली. "मंग कायचं मोठं?"

संध्याकाळी बायकोच्या छातीत कळ आली. रामदासपेठेतल्या दवाखान्यात नेलं. तिथंच गेली. याहून जास्त लिहिता येत नाही.

विमान सहाव्या दिवशी होतं. तारीख हुकली की कॉलेजातली जागा जाणार. पण माझी मोठी वहिनी आडवी आली. "सुतकात नवं कापड अंगाले लावत नाही. दहावा होऊ द्या."

पोरगी भिंतीकडं तोंड करून बसली. म्हणाली, "मी जातच नाही." मला राग आला. ही जाणार म्हणून बायको गल्लीभर सांगत फिरली होती. आता तिच्याच पायी पोरगी घरी बसणार?

मी चौथी शिकलेला माणूस. जन्मभर कळमन्याच्या धान्यबाजारात पोती वाहिली, पोत्यांची तोंडं शिवली. तिथं शिवलेल्या पोत्याला कोणी हात घालत नाही. तो माल असतो.

मी वहिनीला म्हटलं, "अंगाले लागला तं कपडा. बॅगेत हाये तवर माल हाये."

"अन् तिनं मधातच काढला तं?"

"शिवूनच टाकतो."

शिवण्याआधी बॅगेत काय काय आहे ते पाहिलं. मला पाहायचंच होतं. एक पँट गुडघ्यावर फाटकी निघाली.

"हे जुनी हाये का?"

"नवीच आहे, आबाजी."

"मंग फाडली कोनं?"

"कंपनीनं."

वहिनीनं पँट हातात घेतली, भोकातून बोट घातलं अन् त्या दिवसांत घरात पहिल्यांदा कोणीतरी हसलं. बुटांचा तळवा माझ्या वितीएवढा जाड होता. एवढ्या उंचावरून तिकडची माणसं काय पाहत असतील?

मग जुन्या चादरीची खोळ करून बॅगेवर चढवली, दाभण घेतलं अन् सुतळीनं तोंड शिवून टाकलं. नातीला सांगितलं, दहावा झाला की कापायची. ती जुना सलवार-कुडता अन् बापाचा कोट घालून गेली. चोरखिसा अर्धाच लागला होता, उरलेल्याला तिनं पिन लावली.

विमानतळावरून तिचा फोन आला. रडत होती. "आबाजी, त्यायनं सुतळी कापली गा. बॅग उघडून पाहिली सगळी. आता?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पोतं कोण उघडून पाहतं?

"चालली जाय," मी म्हटलं. "तिथं थंडी असन, जे लागन ते घाल. इकडचं मी पाहतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीनं चहा आणला. मी म्हटलं, "बिनसाखरेचा द्या. पोरगी तिकडे नवं घालन, तिच्या वाट्याचं सुतक आता मी पाळतो."

"असं काही नसते, भाऊजी."

"नसन तं नसन."

तिनं दुसरा करून आणला. मी प्यालो. लई वाईट लागला.