निमाताई आणि ती अडखळणारी सीडी

फोन शेजारच्या नसरीनभाभींचा होता. त्या एवढंच म्हणाल्या, "भैया, तुमी लवकर या. ताईले दवाखान्यात नेलं, पण भाऊजीले आमी कसं सांगावं?" अकोल्याहून अमरावतीला पोचेपर्यंत मी रस्ता पाहिला नाही. पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. ताप आला, उतरला, पुन्हा चढला आणि तिसऱ्या खेपेला निमाताईला घेऊनच गेला. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर सुधाकरभाऊजी ताठ बसले होते. त्यांना ऐकू येत नाही, ते जन्मापासून. आता दिसतही नाही. त्यांच्याशी बोलायचं तर त्यांचे हात आपल्या हातांवर घेऊन खुणा करायच्या, ते बोटांनी चाचपून वाचतात. डॉक्टर, नर्स, शेजारीपाजारी सगळे त्यांच्याभोवती उभे होते आणि एकालाही त्यांना काही सांगता येत नव्हतं. मी शेजारी बसलो. त्यांनी माझं मनगट चाचपलं, घड्याळ ओळखलं. मी त्यांचा हात उचलला... आणि त्यांनी मूठ मिटली. घट्ट. ऐकायचं नसलं की ते असंच करत. किती वेळ मी ती मूठ धरून बसलो होतो, सांगता येत नाही.

निमाताई माझी थोरली बहीण. तीही जन्मापासून बहिरी. लहानपणी अमरावतीच्या मूकबधिर शाळेत राहून शिकली आणि सुट्टीत घरी आली की मला पकडून खुणा शिकवायची. घरात तिला बोलायला कोणी हवं होतं. आईबाबांना जेवण, पाणी, बाजार, ताप एवढ्याच खुणा यायच्या. पुढे अकोल्याला जुन्या शहरात आमच्या घराच्या ओट्यालगतच्या खोलीत ती शिलाई मशीन घेऊन बसली आणि गल्लीतल्या निम्म्या बायांचे ब्लाउज तिच्या हातून जाऊ लागले. तिच्या खुणा मी इथे मराठीत लिहितो आहे, पण त्या अस्सल वऱ्हाडी होत्या असं मला नेहमी वाटत आलं. आखडता, ठसक्यातला हात. गुळमुळीत काही नाही.

तिच्या लग्नाच्या वेळचा तो उन्हाळा विसरणं शक्य नाही. पेपर उघडला की पहिल्याच पानावर शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांत आपल्याच भागातल्या गावांची नावं असायची आणि बाबा पान उलटून आतला पेपर आधी वाचायचे. ते कापसाच्या जिनिंगमध्ये होते. त्या हंगामात जिनिंग लवकरच बंद पडलं होतं. मामाकडचं ठरलेलं लग्न पुढे ढकललं गेलं. अशात अमरावतीहून स्थळ आलं. मुलगा बहिरा, छापखान्यात बाइंडिंगच्या कामाला, मागणं काही नाही. बाबांना ते हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

बघायला आले तेव्हा सुधाकरांच्या वतीने त्यांचे थोरले भाऊ विनायकरावच बोलले. आई बाजूने चहाचा कप पुढे करत होती, सुधाकरना तो दिसलाच नाही. "लाजून राहिला," विनायकराव हसून म्हणाले. सगळे हसले. ताई हसली नाही. निघताना सुधाकरनी तिच्याकडे पाहून हात उचलले, तर विनायकरावांनी ते मनगट धरून खाली घेतलं आणि "चाल बाबू, गाडी चुकन" म्हणत त्यांना बाहेर नेलं. रात्री जेवताना ताई मला म्हणाली, "त्याले काही सांगायचं होतं."

मग ती सीडी आली. विनायकरावांनी ओळखीच्या लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून घर, छापखाना, अंगण यांचं चित्रीकरण करून घेतलं होतं आणि शेवटी सुधाकर कॅमेऱ्यासमोर उभे राहून हातांनी बोलत होते. त्यावर विनायकरावांचा आवाज होता. सीडीसोबत निरोप आला की उद्या सायंकाळी आम्ही येतो, होकार असेल तर सुपारीच फोडून टाकू.

ती लावायची कशावर? सीडी प्लेअर आमच्याकडे नव्हता. मी कॉलेजात असताना अमरावतीतून जुना घेतलेला कॉम्प्युटर तेवढा होता. तोही थकलेला. गाणी वाजवायचा, टायपिंग करायचा, हलती चित्रं मात्र त्याला झेपत नसत. बाबा, आई, ताई, मी असे सगळे खुर्च्या ओढून बसलो. घर दिसलं. छापखाना दिसला. सुधाकर समोर आले, त्यांनी हात वर घेतले... आणि चित्र थांबलं. आवाज मात्र चालूच! "सुधाकर म्हणून राहिला, आमचं घर तुमी आपलंच समजा..." विनायकराव खणखणीत बोलत होते आणि सुधाकरांचे हात छातीजवळ गोठलेले. मग एकदम उडी. हात डोळ्यांपाशी. पुन्हा गोठले. पुन्हा उडी, हात खाली. "निमाले काही कमी पडू देनार नाही म्हणते." संपलं.

बाबा समाधानानं उठले. "ऐकलं ना? चांगला बोलला गडी."

ताईनं मला धरलं. "काय म्हणाला?"

मी आवाजातलं सांगितलं. ती माझ्या हातांकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "हे भाऊ बोलला. तो काय बोलला?"

मी सीडी मऊ कापडानं पुसून पुन्हा लावली. आता चित्र दुसऱ्याच ठिकाणी थांबलं, म्हणजे चरा सीडीवर नव्हता. ताईला आधी सुटलेली एक खूण जास्त मिळाली: 'रात्र'. रात्रीचं काय? तिनं मला पुन्हा पुन्हा लावायला लावलं. दर खेपेला एखादी खूण हाती लागायची आणि तिच्या पुढची-मागची गळायची. 'डॉक्टर' आलं. 'नंतर' आलं. एकदा 'राग नाही' आलं. तिचा चेहरा उतरत चालला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही दोघं त्या डब्याच्या मागे लागलो. सीडीवरून थेट चालवण्याऐवजी ती फाइल आत उतरवून घेऊ म्हटलं, तर आत जागा नाही. मी माझी सगळी गाणी उडवली. फाइल उतरली, सीडीची घरघर थांबली, पण अडखळणं थांबलं नाही. मागे आपोआप चालणारे प्रोग्राम बंद केले. पडद्यावरचे रंग कमी केले, चित्राची चौकट पोस्टाच्या तिकिटाएवढी केली. सुरुवातीला जरा चालायचं, मग पुन्हा गचके. ताई तेवढ्याशा चौकटीला नाक लावून बसायची. बाबा दारातून दोनदा डोकावून गेले. "आता काऊन लावून राहिले बे ते? आवाज त मस्त येऊन राहिला. सायंकाळी मानसं येतीन, घर आवरा." दुपारी भारनियमनात लाइट जायची आणि पाहुणे पोचायच्या वेळेलाही यायची नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. जे काही पाहायचं ते त्याआधीच.

मी हात टेकले. म्हटलं, "नाही होत ताई. मी विनायकरावांनाच विचारतो."

तिनं नकाराची मान हलवली. उठून तिनं कॉम्प्युटरच्या डब्यावर तळवा ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढला. मग पुन्हा ठेवला, डोळे मिटले. मशीन बिघडली की ती अशीच हाताने तपासायची. "आतलं फिरणारं थांबते," ती म्हणाली. "फिरते, थांबते. पुन्हा फिरते." मला आवाजात काहीच फरक कळला नव्हता. बटन बंद करून डब्याची बाजू उघडली, तर प्रोसेसरवरच्या पंख्याला कापसाचा तूस गच्च बसलेला. आमच्या गल्लीत गाद्या भरणारे होते, बाबांच्या कपड्यांवरूनही तो घरात यायचा. वर्षानुवर्षं पंखा तो ओढून घेत होता. पंखा अडला की प्रोसेसर तापायचा, आणि तापला की जळू नये म्हणून स्वतःच मंद व्हायचा. चित्र तिथे अडत होतं. ताईनं शिलाई मशीनचा ब्रश आणला आणि तूस उपटून काढला. पंख्याच्या मध्यावर मशीनच्या तेलाचा थेंब सोडला. मी टेबलफॅन आणून उघड्या डब्यासमोर लावला. फाइल सुरू केली.

सुधाकर समोर आले. हात वर घेतले. आणि बोलत राहिले... न थांबता. विनायकरावांचा आवाज घर आपलंच समजा म्हणत होता आणि हात सांगत होते:

"मले रात्री दिसत नाही. बाजूचंबी दिसणं कमी होऊन राहिलं. डॉक्टर म्हणते, हळूहळू सगळंच जाईन. मंग तू बोलशीन ते मले कसं समजीन? मले माहीत नाही. दादा म्हणते सांगू नको. मी तुले सांगून राहिलो. नाही म्हणशीन त मले राग नाही."

आवाज म्हणाला, "निमाले काही कमी पडू देनार नाही म्हणते."

मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. तिनं मला पुन्हा लावायची खूण केली. पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा लावत होतो, तेवढ्यात लाइट गेली. पंखा फिरत फिरत थांबला. बाबांना सांगणं भाग होतं. ते ऐकून भिंतीला टेकले. मग संतापले. "फसवून राहिले होते लेकाचे! मी आत्ताच फोन करतो, येऊच नका म्हनतो." आई पदर तोंडाशी धरून उभी होती. ताईनं बाबांसमोर जाऊन त्यांना थांबवलं आणि मला बोलायला लावलं. ती हात करत होती, मी आवाज देत होतो.

"मले पाह्यले इतके लोक आले. सगळ्यायनं तुमाले विचारलं. मले विचारणारा हा पहिला."

"अवं पन आंधळा होईन तो!" बाबा ओरडले. तिला ऐकू येत नाही हे ते विसरले होते. "तू बहिरी, तो बहिरा, वरून आंधळा. बोलसान कसे तुमी? मी मेल्यावर कोन पाहीन तुमाले?"

मी ते तसंच्या तसं तिला सांगितलं. तिनं एकदा आपल्या हातांकडे पाहिलं. बाबांनी फोन केला नाही. पण सुपारीचं ताट त्यांनी आईला आत ठेवायला सांगितलं.

पाहुणे आले तेव्हा उन्हं उतरली होती. लाइट नव्हतीच. आतल्या खोलीत अंधारून आलं होतं आणि सुधाकर दाराची चौकट चाचपत आत आले. आता ते आम्हालाही दिसलं. विनायकराव गाडीतल्या गर्दीबद्दल बोलत होते, बाबा नुसते हूं हूं करत होते. आई कंदील घेऊन आली, तशी ताईनं हात आडवा करून तिला दारातच थांबवलं. मग ती उठली, सगळ्यांच्या देखत सुधाकरांच्या समोर पाटावर बसली, त्यांचे दोन्ही हात घेतले आणि आपल्या हातांवर ठेवले. सुधाकर दचकले. ती अगदी सावकाश हात हलवू लागली. त्यांचे हात तिच्या हातांसोबत वर गेले, खाली आले.

"हे काय चालून राहिलं?" विनायकराव अर्धवट उठले.

"बोलून राहिले ते," मी म्हणालो.

ती थांबली. सुधाकरांनी तिची बोटं एकेक करून चाचपली. मग त्यांनी मान हलवली, पुन्हा जोरात हलवली, आणि तिचे हात धरून आपलं काहीतरी सांगितलं. तिची पाठ माझ्याकडे होती, अंधारात मला काही दिसलं नाही. नंतर तिनेच सांगितलं. तिनं विचारलं होतं, "असं समजते का तुले?" ते म्हणाले होते, "समजते. पुन्हा बोल." बाबांनी आईकडे पाहिलं आणि ताट आणायला सांगितलं.

विनायकरावांना मी पुढे एकदा विचारलं होतं, तुम्हाला माहीत होतं का ते काय बोलत होते? ते म्हणाले, "मले त्याची भाषा कुठं समजते?" खरं की खोटं, मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

अमरावतीला त्यांचा संसार झाला, तो गोड गोड मुळीच नव्हता. दोघंही तापट. भाऊजींची नजर जसजशी गेली तसतशी भांडणं हातावर आली. ते चिडले की मूठ मिटून घ्यायचे आणि ही ती मूठ उघडायला झोंबायची. नजर पूर्ण गेली त्या वर्षी छापखाना सुटला. त्यांनी बाहेर पडणं सोडलं आणि मूठ उघडणंच बंद केलं. मी भेटायला गेलो तर ताई मला म्हणाली, "आता मले भेव वाटून राहिलं." बाबांचा प्रश्न दारात येऊन उभा राहिला होता. त्या दिवशी जेवायच्या वेळेला तिनं तव्यावरची कोरभर भाकर उचलली आणि त्यांच्या मिटल्या मुठीवर ठेवली. चटका बसून मूठ उघडली, तशी तिनं आपला हात आत घुसवला आणि असं काही फडाफडा बोलली की भाऊजी आधी थक्क झाले, मग हसायला लागले. काय बोलली ते तिनं मला कधीच सांगितलं नाही. त्यानंतर रोज सायंकाळी ती त्यांना कोपराला धरून फिरवून आणायची आणि रस्त्यावरचं सगळं हातावर सांगत चालायची. कोणाचं घर बांधून राहिलं, कोण नवी गाडी घेऊन आला. गल्लीतल्या डोळसांपेक्षा भाऊजींना जास्त खबर असायची.

आता दर रविवारी मी अमरावतीला जातो. नसरीनभाभी डबा देतात, विनायकरावांचा मुलगा येऊन जातो. गेल्या रविवारी भाऊजी स्वयंपाकघरात तिच्या जागी बसले होते. मी विचारलं, चहा ठेवू का? माझी खूण त्यांनी मधेच थांबवली. माझी बोटं आपल्या हातात घेतली, नीट वळवली आणि 'चहा' करून शेवटी अंगठ्यानं बोटाला हलकेच झटका द्यायला लावला, बोटाला चिकटलेला दोरा झटकावा तसा. असा झटका कोणत्याही शाळेत शिकवत नाहीत. तो फक्त ताईच्या हाताला होता. मी इतकी वर्षं तो पाहत होतो आणि मला कधी दिसला नव्हता. त्यांनी पुन्हा करायला लावलं. मी पुन्हा केलं. मग मान हलवून त्यांनी दोन बोटं वर केली, दोन चमचे साखर म्हणून, आणि मी पातेलं ठेवलं.