मागून आणलेला काळा चष्मा
डोळ्यांत थेंब घातले की घशात कडवट चव उतरते आणि मला आईचा काळा चष्मा आठवतो. तळेगावच्या बाजारात भाजी विकणाऱ्या आईला अंधूक दिसू लागलं, तेव्हा "मोतीबिंदू हाय, पिकू दे, मग काढू," म्हणत ती वर्षभर थांबली. शेवटी, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या शेजारणीचा काळा चष्मा नंतर घालायला मागून घेऊन ती माझ्याबरोबर शिरूरच्या दवाखान्यात आली. स्पिरिटचा वास सुटला होता आणि बाकावर डोळ्यांना पट्ट्या लावलेली माणसं बसली होती. डॉक्टर म्हणाले, "मावशी, हा काचबिंदू आहे. यात पिकायचं काही नसतं. गेलेली नजर ऑपरेशननं येत नाही, उरलेली थेंबांनी सांभाळू." आम्ही जीपनं परत निघालो. गावाचा फाटा आल्यावर तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "बायका इचारतील. झालं म्हणून सांग." संध्याकाळी शेजारीण बिस्किटं घेऊन भेटायला आली. "दिसतंय का गं आता?" "दिसतंय की," आई म्हणाली आणि शेजारणीच्या बाजूच्या रिकाम्या भिंतीकडे बघून हसली. शेजारणीनं चष्मा कधीच परत मागितला नाही. पुढे मलाही काचबिंदू झाला, पण तो वेळेवर सापडला. थेंबांची बाटली मी त्या चष्म्याशेजारीच ठेवते.