कपाळावरचा सूर्य

आमच्या ह्यांचा प्लास्टिकवर भारी राग. घरात प्लास्टिकची खुर्ची नको, प्लास्टिकची बादली नको. रंग धरावा तो पत्र्याने नाहीतर लाकडाने, असं त्यांचं ठाम मत. पोयनाडपासून वडखळपर्यंत कुठल्याही जुन्या गाडीवाल्याला विचारा, हरेश्वर पेंटर कोण ते तो सांगेल. रस्त्याकडेला आमची शेड आहे, तिथे उभं राहून ह्या माणसाने सगळं आयुष्य ट्रकांची कपाळं रंगवण्यात घालवलं.

कपाळ म्हणजे ड्रायव्हरच्या काचेच्या वरचा भाग. आमच्याकडे आगरी लोकांनी मिठागरं सोडून गाड्या घेतल्या तेव्हापासून ज्याच्या त्याच्या घरचं कपाळ ठरलेलं. कोणाचं हिरवं, त्यावर दोन मासे. कोणाचं लाल, त्यावर मोर. जुनी गाडी विकून नवी आणली तरी कपाळ तेच काढायचं. माझ्या वडिलांचं, दत्तात्रेय म्हात्रेंचं, निळं कपाळ होतं. मधोमध केशरी सूर्य आणि खाली पिवळ्या पट्ट्या.

माझी आई सखुबाई मिठागरावर कामाला जायची. संध्याकाळ झाली की बांधावर उभी राहून रस्त्याकडे बघायची. गाडी सरळ रस्त्याने येत असली की नुसता धुरळा, कोणाची ते कळायचं नाही. गावाकडे वळली की कपाळ दिसायचं. सूर्य दिसला की आई म्हणायची, "आला," आणि लगेच घरी येऊन तवा चढवायची, तांदळाच्या भाकऱ्या थापायची. सूर्य दिसला नाही तर तवा चढायचा नाही, आणि आम्ही पोरांनी तिच्या वाटेला जायचं नाही.

आता कपाळं गेली. लोक रेडियमची चित्रं आणतात आणि चिकटवून मोकळे होतात. मी ह्यांना कितीदा म्हटलं, "अहो, तुम्हीही ठेवा की ती चित्रं शेडमध्ये." तर म्हणाले, "चिकटवायचंच होतं तर पोस्टात नसतो का लागलो?" बसा मग ब्रश धुत.

तर अशा माणसाच्या पोटी अमिषा. अलिबागला एका हॉटेलच्या ऑफिसात कामाला आहे. शहाणी आहे, पण डोक्यात एक शिरलं की शिरलं. मागे मैत्रिणींबरोबर फिरायला जाते म्हणाली, आणि आम्हाला न सांगता विमानातून उडी मारून आली, एका माणसाच्या पोटाला बांधून घेऊन. फोटो दाखवला तेव्हा मी भाजी चिरत होते. विळी बाजूला केली आणि अशी काही बोलले की शेजारची मनुबाई धावत आली. पण पोरगी थांबते कसली! रीतसर शिकायला लागली. बाजूने शिक्षकांनी धरून मारायच्या उड्याही झाल्या. मग एक दिवस जेवताना म्हणाली, "आई, आता पुढची उडी एकटीची."

एकटीची म्हणजे धरायला कोणी नाही. मला भीती वाटली, सरळ सांगते. ट्रक निदान जमिनीवर तरी असतो.

"मी येणार," मी म्हटलं. "खाली उभी राहणार. आणि वरून येणाऱ्यांत माझी कुठली ते मला कळलं पाहिजे. नाहीतर जायचं नाही."

"अगं, पॅराशूट सगळ्यांची सारखीच असतात, क्लबची. कशी ओळखणार तू?"

"मग डोकं वेगळं कर."

बोलायचं म्हणून बोलले मी. पण हिने खरंच हेल्मेट आणलं. पांढरं, साधं, प्लास्टिकचं, त्यातल्या त्यात स्वस्त. शिकणाऱ्याला एवढं पुरतं म्हणाली. ते ह्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, आजोबांच्या गाडीचं कपाळ काढून द्याल ह्यावर?"

लहानपणी थिनरचा वास येतो म्हणून बापाच्या शेजारी जेवायला न बसणारी ही पोर! ह्यांनी हेल्मेट उचललं, उलटं-सुलटं केलं, "प्लास्टिक आहे," एवढं म्हणाले आणि ब्रश शोधायला म्हणून आत गेले. ब्रश तिथेच समोर होता. आत बराच वेळ लागला त्यांना.

मी माझ्या परीने काळा गोंडा आणून ठेवला. आमच्याकडे गाडी रंगवली की दृष्ट लागू नये म्हणून गोंडा बांधतात, मागे लोंबता. अमिषा ओरडलीच, "आई, लोंबणारं काही नको! पॅराशूटची दोरी अडकली तर..." पुढचं तिने गिळलं, पण मला कळायचं ते कळलं. मी गोंडा मुकाट्याने उचलला.

"राहू दे," हे म्हणाले. "गोंडा मी रंगाने काढतो. तो कुठे अडकतोय?"

अमिषा कामावर गेली आणि ह्यांनी शेडमध्ये काम मांडलं. आतली गादी काढून ठेवली. आता पत्र्याचं काम करणाऱ्याची सवय अशी की काहीही हातात आलं की आधी थिनरचा बोळा फिरवायचा. तेल, धूळ, हाताचा घाम, सगळं निघून जातं आणि रंग पक्का बसतो. आयुष्यभर हेच केलं. हेल्मेटही तसंच पुसलं, बाहेरून आणि आतूनसुद्धा, चांगलं खसाखसा. मग पॉलिश पेपर, मग खाचा बुजवायला लांबी, मग ऑइलपेंट.

काय झालं होतं म्हणून सांगू! निळा असा की माझ्या वडिलांची गाडी दारात उभी आहे असं वाटावं. सूर्याचा एकेक किरण ओढलेला. मागच्या बाजूला काळा गोंडा, धागा अन् धागा मोकळा. मनुबाई म्हणाली, "बाय माझे, ह्यो तर हात लावला तर हालंल." हे नुसते मिशीत हसले. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

रंग वाळल्यावर गादी परत बसवायला मी हेल्मेट मांडीवर घेतलं. आत बघते तर बारीक बारीक रेघा, जुन्या कपबशीला पडतात तशा. मला वाटलं, पेपर घासताना ओरखडे आले. ह्यांना हाक मारली. त्यांनी आतून अंगठा दाबला. कट् करून आवाज आला आणि एक रेघ लांबली.

पुन्हा दाबलं. पुन्हा कट्.

"थिनर," म्हणाले. "थिनरने खाल्लं."

मनुबाई तिथेच होती. ती म्हणाली, "आतून गादी बसली की कोनाला दिसतंय? रंग तर झाक झालाय."

मला काय वाटलं ते सांगू? मला आधी आनंद झाला. हेल्मेट नाही म्हणजे उडी नाही. देवानेच ऐकलं, असं मनात आलं, आणि मी गप्प बसले. हे उठले, शेडमधला टायरवाल्याचा हातोडा घेऊन आले, हेल्मेट अंगणात दगडावर ठेवलं आणि घाव घातला. एकच. सूर्याच्या बरोबर मधून दोन तुकडे झाले, वाळल्या करवंटीसारखे.

"अहो!" मी किंचाळले.

"असू दे," ते म्हणाले. "चुकून कोणी घातलं असतं." आणि पायरीवर बसले. "किशोरी, हे पोरीच्या डोक्यावर चढलं असतं गं. माझ्या हाताने."

आता सांगा, त्या माणसाकडे बघून आनंद टिकतो का? ज्याला दिवसभर ब्रश धुताना बघत आले, त्याच्याकडे पोरीने जन्मात एक काम मागितलं आणि ते असं अंगणात पडलेलं. मनात म्हटलं, भीती भीतीच्या जागी राहू दे. उडी मारायची तर मारील, नाही तर नाही. पण ह्या माणसाचं शेवटचं काम दोन तुकड्यांचं असायचं नाही.

मी अमिषाला फोन लावला आणि झालेलं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबांना सांग, वाईट वाटून घेऊ नका. मी तिथलंच, क्लबचं एखादं घालीन."

"तिथलं काही घालायचं नाही. असलंच दुसरं कुठे मिळेल ते बोल."

तिच्याबरोबर शिकणारी तेजस्वी म्हणून मुलगी आहे मुंबईची. तिने महागातलं घेतलं होतं आणि हे असलं स्वस्तातलं तिच्याकडे कोरं पडून होतं. ती म्हणाली, लाँचने रेवसला येते, घेऊन जा. मी साडी बदलली आणि निघाले. मला बोटीच्या नुसत्या वासानेही मळमळतं, तरी धक्क्यावर लाँच लागेपर्यंत उभी राहिले. पोरगी हसत उतरली, हेल्मेट हातात दिलं आणि म्हणाली, "काकी, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते," मी म्हटलं. "म्हणूनच आले."

घरी आले तर ह्यांनी फुटलेल्या हेल्मेटचे तुकडे ओट्यावर मांडून ठेवले होते. अमिषाने फोनवर त्यांना नीट समजावलं होतं. थिनर नाही, ऑइलपेंट नाही, लांबी नाही. भांड्याच्या साबणाने धुवायचं, बारीक पेपर ओला करून हलक्या हाताने फिरवायचा, प्लास्टिकचा प्रायमर आणि मग पाण्यात कालवायचे रंग. प्रायमरच्या डब्यावर काय काय घालून बनवलंय तेसुद्धा तिने फोटो मागवून वाचलं. पाण्याचे रंग म्हणजे ह्यांच्या लेखी शाळेतल्या पोरांचा खेळ. पण तोंडातून एक अक्षर काढलं नाही. प्रत्येक रंग आधी तुकड्यावर लावायचे, पुरता वाळू द्यायचे आणि मागून अंगठा दाबायचे. कान लावून ऐकायचे. आवाज आला नाही की मगच तो रंग नव्या हेल्मेटला.

शेडमध्ये थिनरची हवा, म्हणून काम माझ्या स्वयंपाकघरात आलं. एक रिकामं पातेलं उपडं घातलं, त्यावर हेल्मेट बसवलं. ते फिरायला लागलं की मी दोन्ही हातांनी धरायची. पाण्याचा रंग लगेच वाळतो, त्यांच्या हाताला ती घाई माहीत नाही. पहिला सूर्य वाकडा झाला. ओल्या फडक्याने पुसला. दुसऱ्याचे किरण फाटले. पुसला. मी म्हटलं, "बरा दिसतोय की."

"बरा नको," म्हणाले. "तुला लांबून ओळखायचाय."

पुन्हा काढला. भात घट्ट झाला, आमटी गार झाली, आमच्या घरात कोणाला जेवायची शुद्ध नव्हती. शेवटी किरण जमले. रंग पातळ, पण एकावर एक हात देत देत निळा चढला. मागे गोंडाही काढला. पहिल्याइतका झकास नाही झाला हो, खोटं कशाला बोलू. पण आतून अंगठा दाबला आणि काहीच ऐकू आलं नाही, तेव्हा हे डोळे मिटून मटकन खाली बसले.

आम्ही दोघंही तिच्याबरोबर गेलो. लांबचा प्रवास, उघडं माळरान, मधून एक धावपट्टी. अमिषा हेल्मेट घालून विमानाकडे निघाली. तिने मागे वळून हात केला तेव्हा मी हसले. विमान वर गेलं, पार ठिपक्याएवढं झालं. माझा जीव टांगणीला लागला. मग त्यातून बारके बारके कण सांडले. पॅराशूट उघडली, सगळी एका रंगाची, एका आकाराची. सगळ्यांची डोकी नुसती काळी.

"कुठली?" मी ह्यांना विचारलं.

हे बघतच नव्हते. मान खाली घालून उभे होते, मुठी आवळून. तेव्हा कळलं, ह्या माणसाला माझ्याहून जास्त भीती वाटतेय.

मग मी एकटीच बघत राहिले. हाताचा आडोसा केला, पापणी लवू दिली नाही. एक जण उतरला, तो नाही. एक मुलगी उतरली, ती नाही. तिसरं पॅराशूट पाठमोरं जात होतं, लांब, पार कुंपणाच्या बाजूला. काही दिसत नव्हतं. आणि मग ते वळलं. मैदानाकडे तोंड केलं आणि निळ्यावर केशरी, लख्ख!

"आली!" मी ओरडले. आईच्याच आवाजात ओरडले मी. "अहो, वर बघा, आली!"

ह्यांनी वर बघितलं. मिशीपर्यंत पाणी आलेलं.

अमिषा चार पावलं धडपडली, गुडघ्यावर आली आणि हसत उठली. आम्ही पळत गेलो. ह्यांनी पोरीला जवळबिवळ घेतलं नाही. आधी तिचं हेल्मेट काढलं, गादी बाजूला सारून आत अंगठा घातला, दाबला, कानाशी धरलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढेनात.

"आई," तिने बापाच्या हाताखालूनच विचारलं, "दिसले का गं?"

"दिसलीस."

"संध्याकाळी अजून एक विमान आहे. जाऊ?"

सगळं अंग नाही म्हणत होतं माझं. मी ह्यांच्या हातातलं हेल्मेट घेतलं, पदराने सूर्यावरची माती पुसली आणि तिच्या डोक्यावर बसवलं.

"जा," मी म्हटलं. "पण वळताना तोंड माझ्याकडे कर."