पानात न मावलेलं झाड

कॉलेजच्या विज्ञान इमारतीत जिन्याच्या पहिल्या वळणावर एक तक्ता टांगलेला होता. डाव्या टोकाला चार पायांवर वाकलेलं माकड, मग जरा ताठ झालेलं, मग आणखी ताठ, आणि उजव्या टोकाला गुळगुळीत दाढी केलेला, ढांगा टाकत निघालेला माणूस. रोज सकाळी वर जाताना ताई हातातली पिशवी पायरीवर ठेवायची, तक्ता दोन्ही हातांनी फिरवून चित्र भिंतीकडे करायची आणि पिशवी उचलून पुढे जायची. दुपारपर्यंत शिपाई तो पुन्हा सुलटा करायचा. यात भांडण नव्हतं. एकदा तो म्हणालाही, "बाई, हा तक्ता आपल्या दोघांमुळेच टिकलाय. धूळ बसायला सवडच मिळत नाही त्याला."

तक्ता उलटा दिसला की शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणायचंच, "शेपूटबाई आल्या वाटतं." हे नाव मुलांनी ठेवलेलं. पहिल्याच तासाला ती सगळ्या वर्गाला माकडहाड चाचपायला लावायची. "लागलं का हाताला? ही तुमची शेपटी. आपण फार पुढारलो असं वाटायला लागलं की तिथे हात लावून बघायचा."

घरी ती नुसती ताई. धाकटी बहीण नवरा वारल्यावर चार दिवस म्हणून तिच्याकडे आली आणि तिथलीच झाली. धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. बहीण काय करते, असं गिऱ्हाइकाने विचारलं की तिची पंचाईत व्हायची. "सजीव कसे बदलत गेले, हे माणसांना कसकसं कळत गेलं, त्याचा इतिहास लिहिते," हे वाक्य तिने पाठच केलं होतं.

"म्हणजे डॉक्टर?"

"हो. पण औषध देत नाही."

औषध देत नव्हती म्हणूनच की काय, ताई कुणालाच नको होती. प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख म्हणायचे, "बाई, आपल्याला जिवंत बेडकांना वेळ पुरत नाही, तुम्ही मेलेल्या प्राध्यापकांना कशाला चिरता?" इतिहासवाल्यांकडे गेली तर ते विचारायचे, "पण यात राजा कोण?" दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तशी गत. तिला खोली मिळाली ती जिन्याखालची, जिथे आधी प्राण्यांच्या नमुन्यांच्या बरण्या ठेवत. बरण्या हलल्या, स्पिरिटचा वास राहिला. तो तिच्या पदराला, वह्यांना, डब्यातल्या पोळीलाही यायचा. बढतीच्या वेळी एक विभाग दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. तिच्या मागून आलेले तिच्या डोक्यावर जाऊन बसले, आणि ती त्यांच्या मुलाखतींसाठी खुर्च्या मांडायला मदत करत राहिली.

तिला एवढंच हवं होतं: शाळेच्या पुस्तकात ती माकडापासून माणसापर्यंतची रांग आली कुठून, हे शोधायचं. कारण रांग खोटी होती. सजीवांचं झाड असतं, त्याला फांद्या फुटतात, आणि माणूस म्हणजे त्यातल्याच एका फांदीचं टोक. शेंडा नव्हे. "आपला शब्दच बघ ना," ती धाकटीला सांगायची, "उत्क्रांती. उत् म्हणजे वर. नुसता उच्चार केला तरी माणूस जिना चढायला लागतो."

"मग तू तळमजल्यावर का गं?" धाकटी विचारायची.

"मी माझी शेपटी सांभाळून आहे."

पुढे एक जुना छापखाना बंद व्हायला आला. त्याच्या कोठारात चित्रं छापायचे लाकडी ठोकळे जळणासाठी काढून ठेवले होते. ताई तिथे आठवडाभर गुडघ्यांवर बसून होती. शेवटी दोन ठोकळे हाती लागले. एक होता शाळेच्या पहिल्या पुस्तकाचा: रुंद, डेरेदार झाड, प्रत्येक फांदीच्या टोकाला एकेक प्राणी, आणि उजवीकडच्या एका काटकीवर, गर्दीत, माणूस. दुसरा पुढच्या आवृत्तीचा. पुस्तकाचा आकार लहान झाला होता, झाड पानात मावेना. तेव्हा कारागिराने त्याच झाडाच्या जोड-ठोकळ्यातून माणसाची फांदी तेवढी करवतीने कापून घेतली होती आणि आडवी ठेवून पुन्हा छापली होती; तिच्या काटक्यांवरची माकडं आणि माणूस एका ओळीत आले होते. ठोकळ्याच्या कडेला करवतीचे दात उमटलेले होते. शेजारच्या फांदीवरच्या वानराने पुढे केलेला हात त्या कडेवर मनगटापाशी संपत होता.

पुढच्या प्रत्येक पुस्तकाने त्या कापलेल्या फांदीवरूनच नक्कल केली. तक्तेवाल्यांनीही.

त्या संध्याकाळी ताई जेवायला बसली तेव्हा तिच्या नखांत लाकडाचा भुसा होता. "कुणाचा गर्व नाही, कुणाचं तत्त्वज्ञान नाही," ती म्हणाली. "पानात मावलं नाही, म्हणून आपण सगळे रांगेत उभे राहिलो." आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. धाकटीने तिला एवढी सुखी पुन्हा कधी पाहिली नाही.

त्या दोन ठोकळ्यांवर तिने पुस्तक लिहायला घेतलं. लिहिता लिहिता नोकरी संपत आली. निरोप समारंभात विभागप्रमुख म्हणाले, "बाईंची आता उत्क्रांती झाली, त्या मोकळ्या झाल्या." टाळ्या पडल्या. ताई उठून म्हणाली, "जुन्या शब्दकोशात उत्क्रांतीचा एक अर्थ प्राण निघून जाणे असाही दिलाय, सर. तुम्ही अगदी नेमका शब्द वापरलात." गुच्छ तेवढा तिच्या हातात आला.

पुस्तक छापायला कुणी तयार होईना. तेव्हा चिमटा आला. हा तिचा सगळ्यात लाडका विद्यार्थी. प्रयोगशाळेत बिस्किटसुद्धा चिमट्याने उचलायचा, म्हणून चिमटा. आता एका मोठ्या प्रकाशनाचा संपादक होता, पाठ्यपुस्तक समितीवरही होता. झाडाची गोष्ट त्याने याच घरात, जमिनीवर मांडी घालून, ताईच्या तोंडून ऐकली होती.

"बाई, पुस्तक सोन्यासारखं आहे," तो म्हणाला. "पण फार पसरलंय. बाजूची प्रकरणं काढू या. मुख्य धागा सरळ ठेवू."

ताईने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "फांद्या काढू म्हणतोस?"

"आता तसं म्हटलं तर... हो."

"आणि शेवटी घडी घालून जोडायचं ते मोठं पान? पूर्ण झाड?"

"ते बांधणीत बसत नाही. पण झाड मुखपृष्ठावर घेऊ ना! आख्खं. माझा शब्द."

तो गेल्यावर ताई दोन दिवस बाजूची प्रकरणं काढून पुन्हा जागेवर लावत राहिली. तिसऱ्या दिवशी धाकटीचाच धीर सुटला. "ताई, डोळ्यांचा नंबर कुठे गेलाय तुझा, मला ठाऊक आहे. पुस्तकच नसण्यापेक्षा फांद्या नसलेलं बरं."

"असंच म्हणाले असतील त्या कारागिराला," ताई म्हणाली. आणि स्वतःच्या हाताने सात प्रकरणं काढून दिली. झाड मुखपृष्ठावर येणार, एवढ्यावर.

प्रती आल्या त्या दिवशी धाकटीनेच गठ्ठ्याची सुतळी कापली. मुखपृष्ठावर रांग होती. माकड, मग जरा ताठ, मग आणखी ताठ, आणि उजव्या टोकाला चष्मा लावलेली, हातात पुस्तक धरलेली एक बाई. चष्म्याची फ्रेमही ओळखीची होती. ती धाकटीने दुकानात स्वतः निवडून ताईला दिली होती.

ताईने फोन लावला. चिमट्याचा आवाज आनंदाने फुटत होता. "आवडलं ना, बाई? शेवटची तुम्हीच! चित्रकाराला मुद्दाम तुमचा फोटो दिला."

"झाड येणार होतं."

"अहो, झाड टाकून बघितलं. विक्रीवाले म्हणाले, दुकानदार हे बागकामाच्या पुस्तकांत ठेवतील. लोकांना ओळखीचं चित्र लागतं."

"तू तरी वाचलंस का रे आतलं?"

"बाई, मीच तर संपादन केलंय!"

तिने फोन ठेवला. पुस्तक खपलं, हे आणखी वाईट. एका शाळेने तिला पाहुणी म्हणून बोलावलं. मंचावर मुलं वाकून, अर्धी वाकून, ताठ, अशी ओळीने उभी केली होती, आणि उजव्या टोकाची जागा पाहुण्यांसाठी मोकळी होती. मुख्याध्यापिका हात धरून तिला तिथे घेऊन गेल्या. ताई उभी राहिली. फोटो काढणारा म्हणाला, "बाई, जरा पाय पुढे टाका, चालल्यासारखा." तिने टाकला. धाकटी पहिल्या रांगेत बसली होती. तिने मान खाली घालून पर्समध्ये उगाच काहीतरी शोधलं.

त्यानंतर ताईने काही लिहिलं नाही. कुणी विचारलं तर "झालं लिहून" म्हणायची. पुढच्या वर्षी आजार निघाला, तो उशिराच निघाला.

इस्पितळात चिमटा भेटायला आला तो दुपारी, ऑफिसातूनच. स्टुलावर अवघडून बसला. "बाई, दुसरी आवृत्ती काढतोय. या वेळी झाड घालू. आत, काळ्या-पांढऱ्यात. फक्त रुंदीला बसत नाही, तर दोन्हीकडून थोडंसं... तुमची संमती असेल तर."

ताई छताच्या पंख्याकडे बघत राहिली. चिमटा वाट बघून म्हणाला, "मग धरून चालतो, बाई."

दुसरी आवृत्ती ताई गेल्यावर निघाली. झाड त्यात नव्हतंच. जागेअभावी, असं चिमट्याने धाकटीला कळवलं. पाठ्यपुस्तक समितीनेही रांगच ठेवली. मुलांना रांग पटकन कळते, असं तिथे ठरलं. प्रस्तावनेत ताईच्या प्रदीर्घ वाटचालीबद्दल दोन ओळी होत्या.

पण त्या दुपारी चिमटा उठायला लागला, तेव्हा ताईने मान वळवून धाकटीकडे पाहिलं आणि म्हणाली, "त्याला थर्मासमधला चहा दे गं. आणि साखर वेगळी घाल वरून, त्याला गोड लागतो."