भामाच्या ओच्यातली काकडं

भामाला चंद्रावतीचा हेवा वाटतो, हे वाडीतल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त चंद्रावतीला, आणि भामाचा खरा संताप त्याचाच होता. आपण इकडे चुलीपुढं बसून जळावं आणि जिच्यापायी जळतो तिनं "बाय, च्या घेतला का?" म्हणून विचारावं, याला काय म्हणायचं?

पळस्प्याहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की थोड्या वेळानं डोंगर अंगावर येतो. तिथं पक्ष्यांचं अभयारण्य आणि पायथ्याला ठाकर आदिवासींची ही वाडी. भामा लग्न होऊन इथं आली तेव्हा जंगलात जायचं ते चोरासारखं. मोळी घेऊन उतरायचं, गार्ड दिसला की करवंदीच्या जाळीत दडायचं, आणि कोयता जप्त झाला तर आठवडाभर नवऱ्याची, म्हणजे काळूरामाची, बोलणी खायची. मग दोन हजार पाचच्या सुमाराला वनखात्यानं वाडीबरोबर समिती केली. जंगल दोघांनी मिळून राखायचं आणि येणाऱ्या पाव्हण्यांना वाडीतल्याच माणसांनी फिरवायचं, असं ठरलं. बैठकीत साहेबांनी विचारलं, पाव्हण्यांच्या पुढं कोण चालणार? पुरुष एकमेकांची तोंडं बघत बसले. भामा उठली.

"मी चालंन. वाट तर माजीच हाय."

आठ वर्षं चालली ती. आणि काय रुबाबात! खारघरहून वेफर्सची पुडकी घेऊन आलेल्या लोकांना ती पहिल्या वळणावर उभं करायची आणि गप्प बसवायची. कुणी बोललं की नुसतं बघायची. "तीन आवाज आयकू आले का? तीन येगळे. मंग फुडं." तीन पाखरं ओळखीची होईपर्यंत पाऊल उचलू द्यायची नाही. मोठमोठे लोक मुकाट उभे राहायचे. नवीन पनवेलच्या एका शाळेतल्या वसुंधरा मॅडम दरवर्षी मुलांना घेऊन यायच्या आणि बसमधून उतरायच्या आधीच खिडकीतून विचारायच्या, "भामाबाई आहेत ना? आम्हाला त्याच पाहिजेत." ते एक वाक्य भामाला वर्षभर पुरायचं.

चंद्रावती तिच्या धाकट्या दिराची बायको. आश्रमशाळेत दहावी झालेली, हसरी, बोलायला चटपटीत. तिला जंगलात भामानंच नेलं, दोन पावसाळे बरोबर घेऊन हिंडवलं, कुठलं पाखरू कुठल्या झाडावर कधी येतं ते सगळं सांगितलं. आता भामा म्हणते, माझीच अक्कल शेण खायला गेली होती. कारण पोरीनं ते सगळं उचललं आणि वर स्वतःचं घातलं. इंग्रजी नावं पाठ केली. पोरांना पाखरांच्या नकला करून दाखवायला लागली. आणि एकदा झाडाआडून भामानं ऐकलं, चंद्रावती पहिल्या वळणावर म्हणत होती, "तीन आवाज ऐकू आले का?" भामाचेच शब्द, फक्त 'आयकू'चं 'ऐकू' केलेले. लोक टाळ्या वाजवत होते. भामासाठी कधी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, कारण तिच्यापुढं हात हलवायची कुणाची छाती नव्हती.

पण कळस झाला तो गेल्या हिवाळ्यात. वसुंधरा मॅडम बसमधून उतरल्या, समोर उभ्या असलेल्या भामाकडे बघून गोड हसल्या आणि म्हणाल्या, "चंद्रावती आहे ना आज?" भामा "हाय" म्हणाली आणि हंडे घासायला निघून गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. काळूरामानं विचारलं तर म्हणाली, पोट दुखतंय. खोटं नव्हतं ते.

आणि मग जूनमध्ये रानभाज्यांचा दिवस आला. वाडीतल्या बायकांनी भाज्या रांधायच्या, पाव्हण्यांनी खायच्या आणि मग जंगल बघायचं, असा बेत. रेंजरसाहेबांनी निरोप पाठवला होता की त्या दिवशी मार्गदर्शकांची प्रमुख ठरेल, एकच. खाकी जॅकेट मिळेल. जॅकेट समितीच्या खोलीत येऊनही पडलं होतं, छातीवर नावासाठी मोकळी पट्टी ठेवलेलं. भामा झाडू मारायच्या निमित्तानं तीनदा ते बघून आली.

शेवळं तिनं खुडली होती आणि रांधायला चंद्रावती होती. शेवळं म्हणजे पाऊस लागला की जमिनीतून नुसते कोंब वर येतात ते. चवीला झकास, पण खाजरी. काकडाची हिरवी तुरट फळं ठेचून घातल्याशिवाय ती खाल्ली तर घसा सोलून निघतो. या वाडीतली रीत अशी की जिनं शेवळं खुडली तिनंच काकडं टाकायची. कुठल्या जागेची किती खाजरी हे खुडणारीलाच माहीत. रांधणारीनं विचारायचं नाही, आणि देवाचं पान निघायच्या आधी चाखायचं तर मुळीच नाही.

भामा काकडं घेऊन चुलीपाशी आली. लुगड्याचा ओचा भरलेला होता. चंद्रावती तिला बघून बाजूला झाली, पाठ फिरवून भाकऱ्या थापायला लागली. भामानं टोपावरचं झाकण काढलं, चमचा फिरवला, झाकण ठेवलं. ओचा तसाच भरलेला राहिला.

'मरंल थोडंच कोन,' ती मनाशी म्हणाली. 'दोन घटका घसा खवखवंल. रांधलंन कोनी, तर चंद्रीनं. घ्या म्हनावं तुमची चंद्रावती.' कितीतरी महिन्यांनी तिला बरं वाटलं, अगदी गार गार वाटलं, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

चाळीसेक पाव्हणे पत्रावळींपुढं बसले. रेंजरसाहेब आले. वसुंधरा मॅडम होत्याच. चंद्रावतीनं पहिलं पान वाघोबाच्या दगडापुढं ठेवलं आणि दुसरं वाढून हातात धरून सगळ्यांसमोर उभी राहिली.

"मला या जंगलातलं जे काही येतं ते माझ्या मोठ्या जावेनं शिकवलंय," ती म्हणाली. "तीन आवाजसुद्धा तिचेच. पहिलं पान देवाचं झालं. दुसरं तिचं. ती जेवली की मग आपण." आणि तिनं पान आणून भामाच्या पुढ्यात ठेवलं.

भामानं पानाकडे बघितलं. चाळीस माणसं तिच्याकडे बघत होती. नको म्हणावं तर वाडीतल्या बायका काय ते लगेच ओळखणार. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, शेवळात बुडवला आणि तोंडात घातला. एक, दोन, तीन. चौथ्या घासाला जिभेला सुया टोचल्या. पाचव्याला घशात निखारा उतरला. तिनं पान पुसून खाल्लं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"किती भरून आलंय त्यांना," वसुंधरा मॅडम हळूच म्हणाल्या आणि त्यांनी फोटो काढला.

चंद्रावती मात्र तिच्या ओठांकडे बघत होती. ते सुजायला लागले होते. ठाकरांच्या पोरीला आणखी काय सांगायचं? ती पाव्हण्यांकडे वळली आणि हसून म्हणाली, "भाजीला अजून एक कढ पाहिजे. तोवर तुम्ही नाचणीचे पापड खा." टोप उचलून तिनं परत चुलीवर ठेवला. मग भामाजवळ आली, लोकांकडे पाठ केली आणि पदर पसरला.

"बाय, दे."

एवढंच. भामानं ओचा तिच्या पदरात मोकळा केला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण नुसती हवा निघाली.

"बोलू नको. जास्त सोलंल," चंद्रावती म्हणाली आणि कोकमाचं पाणी तिच्या हाती देऊन काकडं ठेचायला बसली.

जेवणं छान झाली. लोकांनी शेवळं मागून मागून खाल्ली. मग रेंजरसाहेब जॅकेट घेऊन उठले. म्हणाले, "समितीत चंद्रावतीनंच सांगितलं होतं की प्रमुख भामाबाईंनाच करा, वाट त्यांनी पाडली आहे. माझंही तेच मत आहे. भामाबाई, आज पुढं तुम्हीच चाला. दोन शब्द बोला आणि निघा."

भामा उभी राहिली. जॅकेट तिच्या हातावर आलं. सगळे गप्प झाले, तिच्यासाठी व्हायचे तसे, अगदी पूर्वीसारखे. तिनं सगळा जीव गोळा करून तोंड उघडलं. घशातून खरखर आली आणि तीही अर्ध्यात थांबली. साहेब वाट बघत राहिले. कुणीतरी पाण्याचा पेला पुढं केला.

"बाय सकाळपासून चुलीच्या धुरात हाय, आवाज बसला तिचा," चंद्रावती म्हणाली. "आजच्या दिवस मी नेते." आणि ती पाव्हण्यांना घेऊन वर चढायला लागली.

भामा ओसरीवर बसली, मांडीवर जॅकेट घेऊन. नाव तिचंच शिवलं जाणार होतं. पहिल्या वळणावरून चंद्रावतीचा आवाज आला, "तीन आवाज ऐकू आले का?" आणि पोरांचा एकच गलका उठला. भामानं सुजलेल्या ओठांवरून हात फिरवला.

'सांगायचं तरी व्हतंस सगल्यांना,' ती मनात म्हणाली. 'तुला शिव्या तरी घालता आल्या असत्या मला.'