पाचाची चूक

कल्पना करा, तुम्हाला हवेचा दाब मोजायचा आहे. सकाळचे आठ वाजून सत्तावीस मिनिटं झाली आहेत. भिंतीवर पितळी नळीतला वायुभारमापक लटकतो आहे. आधी त्याच्यावरचा छोटा तापमापक वाचायचा, कारण जवळ उभ्या माणसाच्या अंगाच्या उबेनेही तो चढतो. मग नळीवर बोटाने हलकी टिचकी मारायची, सरकती पट्टी पाऱ्याच्या फुगीर माथ्याला नेमकी टेकवायची, डोळा त्याच पातळीला आणायचा आणि आकडा लिहायचा. मोजपट्टीवर दर पाचाला मोठी रेघ असते. घाईत एक रेघ सोडून दुसरी धरली, की आकडा बरोबर पाचाने चुकतो. निरीक्षक लोकांनी तिला नावच देऊन टाकलंय, पाचाची चूक.

श्रीपाद वैरागडे यांनी ती चूक नोकरीच्या पहिल्या वर्षी एकदा केली होती. वरच्या कार्यालयातून फोन आला आणि चार माणसांसमोर त्यांची हजेरी घेतली गेली. त्यानंतर रायपूरच्या त्या छोट्या वेधशाळेत सव्वीस वर्षं गेली, पण त्यांच्या वहीवर पुन्हा लाल शेरा पडला नाही. मुलाखतीला गेल्यासारखे ते रोज इस्त्रीचा शर्ट घालून पाऱ्यासमोर उभे राहत. नवं राज्य होऊन वर्ष होत आलं होतं. आता राजधानी म्हणून रेडिओवर रायपूरचा आकडा सगळ्यात आधी वाचला जाई, तेव्हा ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या घरी त्यांची बायको पद्मिनी आवाज वाढवी.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. आदल्या सकाळचा आकडा होता ९७८.४ मिलिबार. त्या सकाळी श्रीपादरावांनी पट्टी टेकवली आणि आकडा आला ९७३.१. पावसाळा सरून गेलेला, आभाळात पातळसे ढग, वारा मंद. पाऊस यायचा असल्याशिवाय एका दिवसात दाब पाचाने कसा पडेल? मोतीबिंदूची सुरुवात आहे असं डॉक्टरांनी त्याच महिन्यात सांगितलं होतं. डोळ्यांनी दगा दिला, आता पुन्हा तो फोन येणार. पुन्हा वाचायला हवं होतं. पण पुन्हा वाचून तोच आकडा आला असता तर डोळे गेलेच म्हणायचे, या भीतीने ते वाकलेच नाहीत. त्यांनी पाच मिळवले, ९७८.१ लिहिलं आणि वरच्या कार्यालयाला संदेश पाठवला.

नऊला जवळच्या अभनपूर गावाहून त्यांचे साडू हरिदास यांचा फोन आला. हरिदास रेल्वेतून निवृत्त होऊन धान पिकवत होते. कापलेला धान दोन-तीन दिवस शेतातच पसरून वाळवावा लागतो. म्हणून दरवर्षी कापणीआधी ते श्रीपादरावांना विचारत आणि वर चिडवत, की सरकार पगार देते तो फुकट जाऊ नये.

"साडूभाऊ, काय म्हणून राहिला तुमचा पारा?"

दाब जागचा हललेला नाही, श्रीपादरावांनी सांगितलं, पण रेडिओवरचं बारा वाजताचं हवामानाचं बातमीपत्र ऐकूनच विळा लावा. हरिदासांनी ते ऐकलं. पुढचे अठ्ठेचाळीस तास हवामान मुख्यतः कोरडं, एक-दोन ठिकाणी हलका पाऊस. एक वाजता पंधरा माणसं शेतात उतरली.

संध्याकाळचं वाचन क्षमाकडे असे. भौतिकशास्त्र शिकून नुकतीच नोकरीला लागलेली ती मुलगी मराठी घरातली, पण बोलायची हिंदीत. साडेपाचला तिने तीनदा वाचलं. मग वही घेऊन ती श्रीपादरावांच्या टेबलापाशी आली.

"काका, सुबह का आकडा एक बार देखिए ना. मेरा तो ९६९.६ आ रहा है."

संध्याकाळी दाब थोडा उतरतोच, पण साडेआठाने नाही. श्रीपादरावांनी वजाबाकी केली. मग सकाळचा खरा आकडा धरून पुन्हा केली. साडेतीन. अगदी रोजच्यासारखा फरक. त्यांचा हात वहीवर तसाच राहिला. क्षमा काहीतरी विचारत होती, तिचे ओठ हललेले तेवढे त्यांना दिसले. डोळे चांगले होते. सकाळीही चांगलेच होते. दाब खरोखर पडला होता, तो त्यांनी पाहिला होता आणि स्वतःच्या हाताने पुसला होता.

भानावर आल्यावर त्यांनी वहीतला ९७८.१ एका रेघेने खोडला, शेजारी ९७३.१ लिहून सही केली आणि अभनपूरच्या पीसीओवर फोन लावला. हरिदास येईपर्यंत दहा मिनिटं गेली. चार एकर आडवा झाला होता, माणसं घरी गेली होती. धान आता कोण उचलणार?

पाऊस अडीच दिवस पडला. दुपारचं तापमान एकवीस अंशांच्या वर गेलं नाही. दिवाळीआधीच लोकांनी पेट्यांतून स्वेटर काढले. चौथ्या दिवशी श्रीपादराव अभनपूरला गेले. बांधावर हरिदास एक लोंबी हातात घेऊन उभे होते. दाण्यांना पांढरे कोंब फुटले होते. श्रीपादरावांनी सगळं सांगून टाकलं.

हरिदासांनी विचारलं, "म्हणजे तुमाले दिसलं होतं?"

"दिसलं होतं. मले वाटलं, मीच चुकलो."

"सव्वीस वर्षं बरोबर वाचलं म्हणून मिरवता. अन् त्या दिवशीच काहून भरवसा नाही ठेवला?"

मेहुणी अंजनाबाईने जेवायला थांबवलं, तर ते अर्ध्या ताटावरून उठले.

परत आल्यावर त्यांनी वरच्या कार्यालयाला दोन पानी पत्र लिहिलं. कोणी मागितलं नसताना चूक कबूल केली आणि शेवटी एक विचारणा केली. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. दुरुस्ती नोंदवली आहे, यापुढे दक्षता घ्यावी. विचारणेबद्दल अक्षर नव्हतं. मग तेच त्यांनी क्षमाला विचारलं. ती म्हणाली, अंदाजासाठी काढतात त्या नकाशावर आजूबाजूच्या ठाण्यांचेही आकडे असतात, एका ठिपक्याने समान दाबाची रेषा किती वाकते ते रेषा काढणाऱ्यालाच ठाऊक.

श्रीपादराव आता निवृत्त आहेत, मोतीबिंदूही निघालाय. वेधशाळेतला कोणी भेटला की ते अजून तेच विचारतात. त्या सकाळी रायपूरच्या ठिपक्यावर ९७३.१ असतं, तर बारा वाजताच्या बातमीपत्रातला 'कोरडं' हा शब्द बदलला असता का?